उतरेल

ईशान आणि रेवा, मागच्या खेपेला तुम्ही दोघं मला हसलात. तुमच्या आईने माझ्या परतीच्या तिकिटाचे दोन भाव दाखवले, एक आजचा आणि एक आठवडाभर थांबलं तर मिळेल असा. मी म्हटलं, "आजचंच काढ. भाव बघू नकोस, नाव बघ." मग तिच्या हातातून फोन घेतला आणि पडद्यावरचं माझं नाव पासपोर्टवरच्या नावाशी, एकेका अक्षरावर बोट ठेवून, तीनदा ताडून पाहिलं. रेवा म्हणाली, "आजी, तू स्वतःचं नाव विसरलीस का?"

तेव्हा मी उत्तर दिलं नाही. ते आता लिहिते आहे. तुमचं मराठी वाचन कच्चं आहे म्हणून अक्षर मोठं काढलं आहे आणि सगळं क्रमाने सांगणार आहे. सांगायचं आहे ते आमच्या शेजारच्या आहेरभाऊंबद्दल.

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तीन दारं आहेत. मधलं माझं, डावीकडचं भाऊंचं आणि उजवीकडचं मंगलताई देवरे यांचं. भाऊ अंबडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं खरेदी खात्यात होते. लोखंडी सळ्या, बेअरिंग, ग्रीसचे डबे, कामगारांचे हातमोजे, जे काही कारखान्यात विकत यायचं ते भाऊंच्या सहीने यायचं. निवृत्त झाल्यावरही ते घरात इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून बसत, खिशाला पेन लावून. मूळचे सटाण्याकडचे. माझ्याशी शहरी बोलत, पण उषावहिनींशी, म्हणजे त्यांच्या बायकोशी, आणि आनंद झाला की कुणाशीही, अहिराणीत शिरत. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, म्हणून मला ते 'बाई' म्हणत.

"तीन कोटेशनं हातात आल्याशिवाय मी आयुष्यात काही घेतलं नाही, बाई," ते सांगत. "बायकोसुद्धा तीन ठिकाणी बघून केली."

"आणि सगळ्यात स्वस्त पडली ती केली," उषावहिनी आतून म्हणत.

त्यांना मूलबाळ नव्हतं. परदेशात नातेवाईक नव्हते. विमानात ते कधी बसलेही नव्हते. तरी आमच्या इमारतीतल्या कुणालाही परदेशी जायचं झालं की तो आधी भाऊंच्या दारात उभा राहायचा, कारण तिकीट कधी काढावं हे भाऊंना कळतं अशी सगळ्यांची खात्री होती.

हे सुरू झालं मंगलताईंच्या अमोलपासून. अमोल त्यांचा एकुलता एक मुलगा. नवरा आधीच गेलेला. पिंपळगावकडच्या द्राक्षांच्या नर्सरीत काम करता करता अमोलला न्यूझीलंडच्या एका द्राक्षमळ्यात नोकरी मिळाली. तिकिटाचा भाव ऐकून मंगलताई जिन्यातच बसल्या. भाऊ म्हणाले, "थांबा. उतरेल." नऊ दिवस ते रोज सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला भाव बघत राहिले. दहाव्या दिवशी दुपारी तिन्ही दारं वाजवत आले. "उतरना! मंगलताई, भाव उतरना!" त्या दिवसापासून त्यांना पुन्हा कामावर रुजू झाल्यासारखं वाटलं असावं.

फोन ठेवायला त्यांनी एका मोठ्या बेअरिंगची पोलादी कडी घेतली होती. चहाच्या कपाशेजारी ती कडी, त्यात उभा फोन, आणि समोर चष्मा लावून भाऊ. रोजचा भाव ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहीत. त्याच चौकोनात उषावहिनी दूधवाल्याचे खाडे लिहायच्या. महिनाअखेरीला भांडण ठरलेलं.

"दुधाचा खाडा कुठला आणि तुमचं विमान कुठलं, काही कळायला मार्ग नाही. मागच्या महिन्यात मी टोरोंटोचा खाडा धरला!"

"दूधवाला काय बोलना?"

"काही नाही. पैसे कमी घेऊन गेला बिचारा."

भाऊंचे नियम मी तुम्हाला सांगून ठेवते, कारण ते चुकीचे नव्हते. पहिला: अमुक वारी तिकीट स्वस्त मिळतं ही अफवा आहे, "विमानाला वार कळत नाही बाई, रिकाम्या खुर्च्या कळतात." दुसरा: लांबच्या प्रवासावर तीन-चार महिने आधीपासून नजर ठेवायची, पण पहिल्या दिवशी घ्यायचं नाही आणि शेवटच्या पंधरवड्यात तर भावाला हात लावायचा नाही. तिसरा: ज्या देशात जायचं तिथल्या शाळांच्या सुट्ट्या आधी लिहून काढायच्या. "तुमच्या नातवंडांची शाळा सुटली की तुमचं तिकीट महाग." आणि चौथा त्यांचा खास स्वतःचा: पितृपक्षात बघायचं, कारण तेव्हा आपल्याकडची माणसं तिकीट काढत नाहीत.

यावरून उषावहिनींशी वाद झाला तेव्हा मी तिथेच होते. भाऊ म्हणाले, "तिकीट काढणं हे शुभकार्य थोडंच आहे? ती खरेदी आहे."

"अहो, पितृपक्षात खरेदीच तर करत नाहीत."

"मंग? म्हणूनच स्वस्त शे!"

पितृपक्षात खरंच भाव उतरतो की नाही, मला माहीत नाही. पण ईशान, तुझ्या जन्माच्या वेळी मी त्यांच्या सांगण्यावरून बावीस दिवस थांबले होते. बावीस दिवस मला झोप नव्हती. तेविसाव्या दिवशी त्यांनी दार वाजवलं आणि वाचलेल्या पैशांतून मी तुझ्यासाठी चांदीचा वाळा घेतला. तेव्हापासून मीही सगळ्यांना सांगू लागले की भाऊंना विचारा.

मोबदला म्हणून ते एकच मागत. प्रवास झाला की बोर्डिंग पासचा तुकडा आणून द्यायचा. कारखान्यातून येताना त्यांनी चलनं टोचून ठेवायचा उभा खिळा आणला होता. त्यावर ते तुकडे टोचलेले असत, फ्रँकफर्ट, दुबई, सिडनी, ऑकलंड. उषावहिनी धूळ झटकताना म्हणायच्या, "यांचा जगप्रवास खिळ्यावर झाला."

मी लांबण लावते आहे. पुढचं लिहायला मला आवडत नाही, म्हणून असेल. पण क्रमाने सांगायचं कबूल केलं आहे.

अमोलला जाऊन बारा वर्षं झाली होती. लग्न झालं होतं, सून शीतल तिकडेच नोकरी करत होती. एका श्रावणात त्याचा फोन आला की डोक्यात गाठ निघाली आहे आणि ऑपरेशन करावं लागेल. तारीख मिळाली दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातली, सोमवार सकाळची. ती पुढे जाणार नव्हती. अमोल आईला एवढंच म्हणाला, "टेबलावर जायच्या आधी तू पाहिजेस. बाकी शीतल सगळं बघंल." व्हिसाचे कागद त्याने तिकडूनच केले, पासपोर्टची प्रत त्याच्याकडे होती, कारण पासपोर्ट त्यानेच काही वर्षांपूर्वी काढून दिला होता. तो कधी वापरला गेला नव्हता. तिकीट फक्त इथून काढायचं राहिलं.

मंगलताई भाऊंकडे आल्या तेव्हा हात पदराला पुसत उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत. "भाऊ, लवकर पोचले तर बरं हाय. पन तुमी म्हनाल तसं."

"उतरेल, ताई. अजून वेळ आहे."

पितृपक्ष लागला. वडिलांच्या श्राद्धासाठी मंगलताई निफाडजवळ भावाच्या गावी गेल्या. त्याच दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी भाऊंकडे चहाला बसले असताना ते एकदम ताठ झाले. भाव उतरला होता, आणि या भावात दोनच जागा शिल्लक असल्याचं पडद्यावर लाल अक्षरांत लिहून येत होतं. त्यांनी मंगलताईंना फोन लावला. गावात रेंज नव्हती.

पासपोर्टची झेरॉक्स हातात आल्याशिवाय भाऊ कधी कुणाचं नाव भरत नसत. हा त्यांचा कारखान्यातला नियम होता, कागद बघितल्याशिवाय सही नाही. पण पासपोर्ट मंगलताईंच्या कपाटात होता आणि दाराला कुलूप होतं. प्रत अमोलकडे होती, पण त्याला फोन करायचं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मी म्हटलं, "भाऊ, हे शनिवारचं आहे. रविवारी रात्री पोहोचतील, सोमवारी सकाळी ऑपरेशन. गुरुवारचं बघा ना."

"गुरुवारचं लय महाग आहे बाई. रात्रभर आहेत की त्या त्याच्याजवळ. पुरे."

मी गप्प बसले. ही माझी पहिली चूक.

मग ते म्हणाले, "बाई, इंग्रजीत 'मंगल'च लिहू ना? शेवटी एखादा ए?"

मी म्हटलं, "दारावर पाटी आहे की. अमोलने इंग्रजीच केली आहे." आम्ही दोघं जिन्यात आलो. भाऊंनी चष्मा सारखा केला, पाटीजवळ वाकले, आणि मी शाळेत शब्दलेखन सांगायची तसं एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. त्यांनी ते तळहातावर लिहून घेतलं. आत जाऊन पुन्हा एकदा माझ्याकडून वाचून घेतलं. तिकीट सगळ्यात स्वस्त प्रकारचं होतं, म्हणजे परत करता येणार नाही आणि काही बदलताही येणार नाही. "बदलायचंय कशाला?" भाऊ म्हणाले, आणि बटण दाबलं.

ही माझी दुसरी चूक, आणि इतकी काळजी घेऊन मी आयुष्यात कुठलीच चूक केलेली नाही.

मंगलताई गावाहून आल्यावर तिकीट त्यांच्या पिशवीत गेलं, पासपोर्टशी ताडून कुणी पाहिलं नाही. ठरलेल्या शनिवारी सकाळी आम्ही टॅक्सीने मुंबईला निघालो. मंगलताई एकट्या, पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या, म्हणून भाऊ विमानतळाच्या दारापर्यंत सोडायला आले होते. इंग्रजी बोलावं लागलं तर असावी म्हणून मी. कसारा उतरेपर्यंत मंगलताई मांडीवरची पिशवी धरून होत्या. तिच्यात अमोलसाठी नागलीचे पापड आणि सप्तशृंगीचा अंगारा होता. भाऊ पुढच्या सीटवरून त्यांना समजावत होते. "मधे एकदा विमान बदलायचं. कुणाला काही विचारायला लाजायचं नाही. आणि तो तुकडा टाकायचा नाही ताई, मला आणून द्यायचा."

"देईन ना भाऊ. तुमच्यासाठी दोन्ही इमानांचा आनते."

विमानतळाच्या दारात एक जवान तिकीट आणि पासपोर्ट बघून माणसं आत सोडत होता. मंगलताईंनी दोन्ही पुढे केलं. त्याने तिकीट वाचलं, पासपोर्ट वाचला, परत तिकीट वाचलं.

"माताजी, इसमें तारा लिखा है. ये मंगल कौन है?"

मंगलताई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मंगल मैं. तारा बी मैंच."

ईशान, रेवा, हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. आमच्या वेळी लग्नात मुलीचं आडनाव तर बदलायचंच, पण पुष्कळ घरांत तिचं स्वतःचं नावही बदलायचे. ताटात तांदूळ पसरून नवरा त्यात अंगठीने नवं नाव लिहायचा. मंगलताईंच्या सासरी आजेसासूचं नाव तारा होतं, आणि मोठ्या बाईचं नाव घेऊन सुनेला हाक कशी मारायची, म्हणून सतराव्या वर्षी ताराची मंगल झाली. रेशनकार्डावर मंगल, विजेच्या बिलावर मंगल, दारावर मंगल. पण अमोलने पासपोर्ट काढला तो त्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून. तिथे त्या तारा होत्या, आणि तिथेच राहिल्या. बावीस वर्षं शेजारी राहून आम्हाला हे माहीत नव्हतं. आम्ही कधी विचारलं नव्हतं, आणि त्यांना सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

जवान उर्मट नव्हता. त्याने बाजूच्या काचेच्या खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीतल्या मुलीशी मी तासभर बोलले. बत्तीस वर्षं मुलांना जे इंग्रजी शिकवलं ते सगळं वापरलं. एखादं अक्षर चुकलं असतं तर दुरुस्त झालं असतं, ती म्हणाली, पण हे नाव वेगळं आहे. तिच्या दृष्टीने ही दुसरीच बाई आहे. ज्या वेबसाइटवरून तिकीट घेतलं तिच्या नंबरावर नुसतं संगीत वाजत राहिलं. दिवाळीमुळे पुढची सगळी विमानं भरलेली. पहिली जागा होती ती सोमवारी दुपारी.

भाऊंनी खिशातून कार्ड काढून काचेखालून आत सरकवलं. "द्या," म्हणाले. मुलगी भाव सांगायला लागली तर त्यांनी मान हलवली. भाव न विचारता घेतलेली ती त्यांची पहिली वस्तू. मग मुलीने नाव विचारलं आणि भाऊ मंगलताईंकडे बघू लागले. शेवटी मंगलताईच पुढे झाल्या आणि काचेच्या भोकाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "तारा."

आम्ही बाहेरच्या कठड्यापाशी उभे होतो तेव्हा अमोलचा फोन आला. तिकडे रात्र झाली होती. फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे आम्हालाही ऐकू आलं.

"आई, बसलीस का विमानात?"

मंगलताईंनी समोरच्या बॅगांच्या गाडीकडे बघितलं. "हो रे. बसले."

"खिडकीपाशी मिळाली का जागा?"

"मिळाली ना. लय छान हाय. आता फोन बंद करायला सांगायलेत."

"बरं. उतरलीस की पहिला फोन मला. शीतलला नाही, मला."

"तुलाच," त्या म्हणाल्या, आणि फोन बंद करून पिशवीत ठेवला.

परत येताना भाऊ टॅक्सीत मागे, माझ्या शेजारी बसले. भाऊंचा हात मांडीवर उताणा पडला होता आणि ते तळहाताकडे बघत होते. तिथे आता काही लिहिलेलं नव्हतं. इगतपुरीला ड्रायव्हरने चहाला थांबवलं, कुणी उतरलं नाही.

शीतलला मी फोन करून खरं काय ते सांगितलं होतं. ती शहाणी मुलगी. तिने अमोलला सांगितलं की आईचं विमान मधल्या विमानतळावर अडकलं आहे. ऑपरेशनच्या आदल्या रात्री तो दहा वाजेपर्यंत जागा होता. मग म्हणाला, "आई उतरली की मला उठव," आणि झोपला. सकाळी त्याला तसंच आत नेलं. सोमवारी दुपारी मंगलताई मुंबईतून विमानात बसल्या तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि अमोल शुद्धीवर आला नव्हता. तो आलाच नाही. अकरा दिवस होता. आईने त्याला पाहिलं. त्याने आईला पाहिलं नाही.

दोन दिवस आधी पोहोचल्या असत्या तर तो वाचला असता असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनीही म्हटलं नाही. पण त्याने मागितलं होतं ते वाचणं नव्हतंच.

मंगलताई दोन महिन्यांनी परत आल्या. उषावहिनींशी पूर्वीसारख्या बोलायच्या, निवडायची भाजी घेऊन माझ्याकडे यायच्या. भाऊंना त्या वाईट एक शब्द बोलल्या नाहीत. चांगलाही बोलल्या नाहीत. जिन्यात समोरून भाऊ आले की डोक्यावरचा पदर सारखा करून भिंतीला लागून उभ्या राहायच्या, अनोळखी माणसाला वाट द्यावी तशा.

भाऊंनी बेअरिंगची कडी कपाटात टाकली. खिळ्यावरचे तुकडे काढून उषावहिनींनी कुठेतरी ठेवले. दिनदर्शिकेच्या चौकोनात आता फक्त दुधाचे खाडे असायचे, आणि एकदा उषावहिनी मला हळूच म्हणाल्या, "हिशेब आता चुकत नाही हो," आणि डोळ्यांना पदर लावला. वरच्या मजल्यावरचे लोक उन्हाळ्यात तिकीट विचारायला आले तर भाऊ म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही." उतरेल हा शब्द तर त्यांनी टाकूनच दिला. मला एकदा सर्दीताप होता, पूर्वी ते दारातूनच ओरडले असते, "उतरेल बाई, काढा घ्या." या वेळी दारात उभे राहिले, ओठ हलले, आणि "विश्रांती घ्या" म्हणून गेले.

मंगलताई दर भाऊबीजेला भाऊंना ओवाळायच्या. त्या वर्षीची भाऊबीज अमोलच्या सुतकात तिकडेच गेली. पुढच्या वर्षी भाऊ सकाळी आंघोळ करून, नवा शर्ट घालून, दार सताड उघडं टाकून खुर्चीत बसले. मंगलताईंच्या दाराला कुलूप होतं. त्या आदल्या दिवशीच निफाडला गेल्या होत्या, हे उषावहिनींना माहीत होतं आणि मलाही. आम्ही दोघींनी सांगितलं नाही. बारा वाजता ते स्वतःच उठले आणि शर्ट बदलून आले.

त्यानंतर आठवड्याभरात त्यांनी एक विचित्र काम काढलं. इमारतीतल्या सोळाही घरांची दारं वाजवत ते हिंडले. हातात एक फुलस्केप कागद, मधोमध उभी रेघ मारलेला. प्रत्येक घरच्या बाईला एकच प्रश्न, "वहिनी, कागदावरचं नाव काय आहे?" डाव्या बाजूला हाक मारायचं नाव, उजव्या बाजूला कागदावरचं. काही जणी हसल्या. काही जणींच्या नवऱ्यांना राग आला. तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी दारात बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अंबिका. होय, अंबिकाच. थांबा, आत जाऊन बघून येते."

माझ्याकडे आले तेव्हा उभ्यानेच लिहीत होते. "बाई, तुमचं?"

"कागदावर कुमुदिनी," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. माझ्या तिकिटावरचं नाव तुमची आईच तिकडून भरायची आणि खिळ्यावरच्या तुकड्यांवरचं भाऊ फक्त गाव वाचत, म्हणून इतकी वर्षं त्यांनीही मला 'सुनंदाबाई' म्हणूनच ओळखलं होतं. रेवा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. नाव मी विसरले नव्हते. इतकंच की भाऊंच्या आधी मला ते घरी कुणी विचारलं नव्हतं.

कागदावर नजर गेली तेव्हा दिसलं की मंगलताईंच्या ओळीत डावीकडे 'मंगल' लिहिलं होतं आणि उजवीकडची जागा कोरी होती. मी म्हटलं, "भाऊ, हे तर तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. पण विचारून लिहायचंय," ते म्हणाले. तो कागद तसाच दोन वर्षं त्यांच्या खिशात राहिला. धुण्यात एकदा भिजला, तर त्यांनी दुसऱ्यावर उतरवून घेतला. ती जागा कोरीच ठेवली.

मागच्या भाद्रपदात भाऊंना ताप आला. आधी साधा वाटला, मग दवाखाना, मग घरी परत, आणि घरी आणलं म्हणजे काय ते मोठ्या माणसांना न सांगता कळतं. मी तुमच्याकडे पोहोचले त्याच्या चौथ्या दिवशी उषावहिनींचा फोन आला. तुम्हाला आठवत असेल, मी ओट्यापाशी उभी होते आणि पोळी करपली होती. पण भाऊंना मी शेवटचं पाहिलं ते निघायच्या आदल्या दुपारी.

उषावहिनी त्यांच्या कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवत होत्या. मी पायाशी बसले होते. दार लोटलेलं होतं, ते ढकलून मंगलताई आत आल्या, हातात भाताच्या पेजेची वाटी झाकून. भाऊ असताना त्या घराचा उंबरा त्यांनी जवळजवळ तीन वर्षांनी ओलांडला होता. काही न बोलता स्टूल ओढून उशापाशी बसल्या. उषावहिनींच्या हातून पट्टी घेतली, पिळली, कपाळावर ठेवली.

भाऊंनी डोळे उघडले. उठून बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. खूप लांबून यावा तसा आवाज आला, "ताराताई."

मंगलताई पट्टी सारखी करत राहिल्या. "मंगलच म्हना, भाऊ. तारा म्हनून हाक मारनारं आता कोनी नाय राह्यलं. मंगल म्हननारे तुमीच तीन-चार जन."

उषावहिनी पाण्याचं भांडं बदलून घेऊन आल्या. मग, काहीतरी बोलायला हवं म्हणून असेल, उषावहिनींनी विचारलं, "ताप कसा वाटतोय गं?"

मंगलताईंनी पट्टी उचलली आणि उघडा तळहात भाऊंच्या कपाळावर टेकवला.

"उतरंल," त्या म्हणाल्या.

भाऊंनी डोळे घट्ट मिटून घेतले. मंगलताईंनी ते धीर द्यायला म्हटलं, मुद्दाम म्हटलं, की नुसतं तोंडातून गेलं, मला आजही कळलेलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. बॅग भरायची राहिली होती म्हणून मी उठले. दारातून मागे वळून पाहिलं तेव्हा भाऊंच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं, आणि मंगलताईंचा हात त्यांच्या कपाळावर तसाच होता.